छत्रीचा पत्ता

पावसाच्या शब्दांवर एक निबंध लिहावा असे आम्हा दोघांच्या मनात आले ते काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. बीड जिल्ह्यात पावसाचे शब्द गोळा करायला उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरची सरासरी, आणि तीही अनेकदा न गाठणारा हा मुलूख. इथे मे महिन्यात माणसे पावसाखेरीज दुसरे फारसे काही बोलत नाहीत. वळीव, झड, भुरभूर, उघडीप, वाफसा, ओल अशी वही भरत गेली. आम्ही दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत मराठीच शिकवणारे आणि दोघेही चाळिशी ओलांडलेले. तेव्हा या लेखातील ‘आम्ही’ संपादकीय थाटाचे नाही, निव्वळ हिशेबाचे आहे.

त्या वहीत एक पान छत्र्यांचे होते. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या, कोणी खाव्या आणि कोणी थुंकाव्या अशा छत्र्यांचे. हे पान आम्हाला विशेष प्रिय होते, कारण त्यावर शब्द भराभर जमले. कोकणात आणि घाटावर अळंबी. मोल्सवर्थच्या कोशातही ‘अळंबे’ आहेच. विदर्भात सात्या. गोव्यात अळमी, आणि वारुळाला तिकडे रोयण म्हणतात म्हणून वारुळावरची ती रोयणीची अळमी. पाठ्यपुस्तकात भूछत्र. आणि आमच्याकडे, मराठवाड्यात, सरसकट कुत्र्याची छत्री. जिच्यावरून ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवलेले क्लासेस’ हा आमच्या स्टाफरूममधला नेहमीचा वाक्प्रयोग. हिंदीतही कुत्रे सुटलेले नाहीच. निरालांनी ‘कुकुरमुत्ता’ या कवितेत त्याच हेटाळलेल्या छत्रीला गुलाबासमोर उभे करून बोलते केले. मनुस्मृतीने द्विजांसाठी जे वर्ज्य सांगितले त्यात लसूण-कांद्याच्या पंक्तीला ‘कवक’ बसवले आहे, आणि आज तोच शब्द सोवळे-ओवळे विसरून शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एका अख्ख्या जीवसृष्टीचे नाव होऊन बसला आहे. शब्दांचे हे प्रवास शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. सुख वाटावे असेच ते काम आहे.

‘शिलीन्ध्र’ या शब्दाने तर आमचे दोन आठवडे घेतले. कालिदासाचा मेघ गर्जतो आणि त्या गर्जनेने धरणीवर शिलीन्ध्रे उगवतात, ती फलवती ठरते, असा पूर्वमेघातला संदर्भ. आज आपण सहजच छत्र्या असा अर्थ लावतो. पण मल्लिनाथाने टीकेत ‘कन्दली’ हा पर्याय दिला आहे, म्हणजे त्याच्या मनात बहुधा पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारी एखादी फुलती वनस्पती असावी. छत्री की कंदली? त्या आषाढात आमच्या घरात या प्रश्नावर जेवणाच्या ताटावर वाद होत. एक पक्ष टीकाकाराचा, दुसरा रानाचा. गडगडाट झाला की छत्र्या निघतात हा समज आजही गावोगाव आहे आणि कालिदासाला तो ठाऊक असणे स्वाभाविक आहे, असे रानाच्या पक्षाचे म्हणणे. निकाल लागला नाही. मात्र एका शब्दाची ओळख पटवताना इतकी काळजी घेणारी माणसे आम्ही, हे वाचकांनी पुढचा मजकूर वाचताना लक्षात ठेवावे.

वहीतल्या त्या पानावर चार रकाने होते. नाव, प्रदेश, व्युत्पत्ती, आणि चौथा ‘खाण्याजोगी आहे काय’. चौथा रकाना आम्ही घरी बसून भरला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री चांगला पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा वसतिगृहामागच्या मोकळ्या मैदानात, जिथे उन्हाळाभर गुरे बसतात, तिथल्या कोवळ्या गवतात पांढऱ्या छत्र्यांचे एक मोठे कडे उमटले होते. काही बशीएवढ्या, काही अजून मिटलेल्या, अंड्यासारख्या. आमच्यापैकी एकीचे आजोळ भंडाऱ्याकडचे. लहानपणी श्रावणात आजीने केलेली सात्याची भाजी, तिचा तो मटणासारखा दाताखाली येणारा लुसलुशीतपणा, हे सगळे त्या कड्याकडे पाहताक्षणी जिभेवर आले. “सात्या!” ती म्हणाली. दुसऱ्याने वहीतले पान आठवून दुजोरा दिला. मोबाइलवर चित्रे पाहिली, ती जुळली. (मोबाइलवर पांढऱ्या छत्रीचे चित्र पांढऱ्या छत्रीशी जुळतेच.) रुमालात बांधून आणल्या, कांदा-लसूण घालून केल्या. लसूण घालण्यामागे चव होती तशी परीक्षाही होती. छत्री विषारी असली तर लसणाची पाकळी काळी पडते, असे आम्ही कुठेतरी वाचले होते. पाकळी पांढरीशुभ्र राहिली. चवही वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दीड तासाने पहिल्याला उलटी झाली, दोन तासांनी दुसरीला. पुढच्या तपशिलात वाचकांना नेत नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे शेजारशेजारच्या खाटांवर, दोघांच्याही हाताला सलाइन. मुलगी त्या दिवशी आत्याकडे गेली होती. नसती गेली तर तीही त्याच ताटाला बसली असती. हे आजही आठवले की पोटात गोळा येतो, आणि तो त्या छत्रीचा नसतो.

डॉक्टर तरुण होते. काय खाल्ले विचारल्यावर आम्ही अळंबी म्हणालो, मग सात्या म्हणालो, मग त्यांना काही बोध होईना म्हणून भूछत्र, आणि शेवटी इंग्रजी शब्दही सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “सर, नावं नकोत. उरलेली वस्तू आणायला सांगा.”

वस्तू उरली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन छत्र्या तशाच पडल्या होत्या. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्या घरी नेल्या, देठ कापून, पाकळ्यांची बाजू खाली करून एका पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि वर वाटी पालथी घातली. कागद म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची कोरी पुरवणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती पुरवणी घेऊन दवाखान्यात आले. तिच्यावर रात्रभर झडलेल्या बीजाणूंचे एक चाक उमटले होते, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघांचे, आणि त्याचा रंग हिरवट होता. आमच्या वीस वर्षांच्या नोकरीत असे स्पष्ट उत्तर लिहिलेली पुरवणी क्वचितच पाहिली असेल.

क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस, ते म्हणाले. बहुतेक छत्र्यांचा ठसा पांढरा, गुलाबीसर, तपकिरी किंवा काळा पडतो. हिरवा पडणारी ही जवळजवळ एकटीच. कोवळेपणी तिच्या आतल्या पाकळ्या पांढऱ्या असतात आणि पिकल्यावर त्या हिरवट-राखाडी होतात; म्हणून कोवळी तोडणारा हमखास फसतो. डोक्यावर तपकिरी खपल्या आणि देठावर सरकणारी बांगडी ही तिची लक्षणे. पण खपल्या पावसाने धुऊन जातात, आणि बांगडी तर खाण्याजोग्या काही जातींनाही असते. उष्ण प्रदेशांत जगभर हिरवळीवर, मैदानांत, खताच्या जमिनीत ती उगवते. अमेरिकेत छत्र्यांमुळे होणाऱ्या विषबाधांत हिचाच क्रमांक वरचा. माणूस सहसा दगावत नाही, एक-दोन दिवसांत सावरतो. तुमचे नशीब की हीच निघाली, असेही त्यांनी ऐकवले. ज्या छत्र्या खरोखर जीव घेतात त्या पहिले सहा-बारा तास काहीच जाणवू देत नाहीत आणि मग यकृत पकडतात. शिजवल्याने त्यांचे विष जात नाही. आणि लसूण? लसूण, चांदीचा रुपया, तांदळाचा रंग, गुराने तोंड लावले की नाही, किडे लागले की नाही, या सगळ्या परीक्षांना काहीही अर्थ नाही. हे त्यांनी जरा मोठ्याने सांगितले, कारण शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही ऐकत होते.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मराठीच्या सर-मॅडमनी कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या. आठवडाभर विद्यार्थी आम्हाला जरा अधिक आदराने विचारपूस करीत होते.

त्यातच एका विद्यार्थ्याची आजी भेटायला आली. धारूरच्या घाटाखालच्या एका वस्तीवरची. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी तिच्याशी ओळख झालेली. आम्ही तिला मावशी म्हणतो. ओसरीवर बसली, चहा घेतला आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, “गवतातली कशापाई तोडली?”

हा प्रश्न आम्ही पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवला. आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने ‘कोणती’ असे विचारले होते. कोणती जात, कोणता रंग, केवढी. मावशीने ते विचारलेच नाही. तिच्या दृष्टीने चूक ओळखण्यात नव्हती, जागेत होती. गवतातली छत्री ही मुळात ओळखायचीच नसते.

नागपंचमी आठ दिवसांवर होती. “पंचमीला या वस्तीवर,” मावशी म्हणाली, “वारूळ दावते.”

नागपंचमीला आमच्याकडे बाया लाह्या-दूध घेऊन वारुळाला जातात, हे सांगायला नको. त्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. पुरणाची दिंडे उकडायची. माहेरी आलेल्या लेकी, झोके, फेर आणि गाणी यांवर आमच्या विषयात इतके लिहिले गेले आहे की त्या गर्दीत एक साधी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या बाया एकजात वारुळापाशी जातात तो दिवस नेमका छत्र्यांच्या मोसमात येतो. नागाला हात जोडायला वाकलेल्या बाईला वारुळाच्या पायथ्याशी काय फुटले आहे ते दिसतेच. आणि त्या दिवशी खणायला बंदी असल्यामुळे ती ते उकरीत नाही, नुसते लक्षात ठेवते. ही व्यवस्था कोणी ठरवून केली असे आम्ही म्हणत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना प्रत्येक रूढीमागे एक शहाणपण सापडतेच, आणि त्या मोहापासून शक्य तो दूर राहावे असे आमचे मत आहे. पण मावशीच्या मागे चालताना ही सोय डोळ्यांत भरली, एवढे खरे.

त्या दिवशी तिने आम्हाला पाच वारुळे दाखवली. नाव विचारले तर प्रत्येक वेळी एकच उत्तर, “छत्रीच की. तिला दुसरं काय नाव असतंय?” आमच्या वहीत सात-आठ नावे आणि त्यांखाली एकच धूसर वस्तू, मावशीकडे नाव एकच. पण वारुळांबद्दल विचारले की तिची जीभ सुटे. नाल्याच्या अंगाचे वारूळ सगळ्यात आधी निघते, पंचमीच्या आसपास. पडकातले पोळ्याला. लिंबाखालचे दोन वर्षांआड. बांधावरचे पूर्वी पाटीभर देत असे, पण २०१४ आणि २०१५ या दोन दुष्काळांत ते जे आटले ते पुन्हा फुटले नाही. “आन् ते गावदरीचं, ते वांझ हाय,” असे म्हणून तिने एका उंच, देखण्या वारुळाकडे हात केला. शब्द कानाला बोचला. पण क्षणभरच, कारण पाठोपाठ आठवले की मेघाची गर्जना धरणीला जे होऊ देत नाही असे कालिदास सांगतो, ते हेच. मल्लिनाथाचा पक्ष त्या दिवशी आमच्या घरात कायमचा हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. नाल्याच्या अंगाच्या वारुळावर रात्रीत वीसेक छत्र्या निघाल्या होत्या. मळकट पांढऱ्या, मधोमध बोथट टोक आलेल्या, जणू जमीन भेदायला कोणी खिळा ठेवला आहे. मावशीने एक बोट देठाच्या कडेने मातीत घातले आणि ते खाली, आणखी खाली नेत राहिली. “लावा हात. मुळी लागती का? खाली घर हाय तिचं.” बोटाला खरोखरच एक लांब, निमुळती होत गेलेली मुळी लागत होती, आणि तिचा शेवट लागत नव्हता.

घर हा शब्द अक्षरशः खरा आहे, हे आम्हाला नंतर सहकाऱ्यांकडून कळले. वारुळातल्या वाळव्या शेती करतात. वाळलेले गवत-लाकूड चावून आणतात, त्याचे स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्यावर ही बुरशी वाढवतात. बुरशी ते पचवण्याजोगे करते आणि वाळव्यांचे पोट तिच्यावर चालते. पाऊस मुरला की त्या पोळ्यापासून निघालेली मुळी मातीतून वर येते आणि छत्री उघडते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या गटाला टर्मिटोमायसिस हे नाव दिले. त्यातल्या, भारतात आढळणाऱ्या एका जातीला १९७९ साली हाइमचेच नाव मिळाले. माणसाला या छत्रीची बाजारासाठी लागवड अजून साधलेली नाही. ते गणित वाळव्यांनाच येते. म्हणून ही छत्री वारूळ सोडून गवताच्या मैदानात येऊ शकत नाही, आणि आमच्या मैदानातली बया कधी वारुळाच्या पोळ्याला मुळी लावू शकत नाही. मावशीच्या ‘गवतातली कशापाई’ या प्रश्नात हे सगळे होते.

तिने वीसांतल्या बारा घेतल्या. मिटलेल्या तशाच ठेवल्या, आणि दोन पूर्ण उलगडलेल्याही. का, असे विचारल्यावर म्हणाली, “म्हातारीला कोन खातंय?” उलगडलेली छत्री दुपारपर्यंत किडते आणि तिला वास येतो, हे दुपारी दिसलेच.

आता भाजी. छत्र्यांच्या मुळांची माती खरवडून काढायची, मिठाच्या पाण्यातून दोनदा काढायच्या. मग विळीला हात लावायचा नाही. देठापासून वर बोटांनी उभ्या फाडायच्या, शिजलेल्या कोंबडीच्या तंतूंसारख्या धाग्याधाग्याने फाटतात. काल चिरायचे नव्हते म्हणून आज हाताने, की एरवीही हाताने, असा प्रश्न आम्ही विचारला. मावशीने तो ऐकण्याच्या लायकीचा मानला नाही. पातेल्यात नुसत्याच टाकल्या की त्या भरपूर पाणी सोडतात. ते पाणी त्यांतच आटवायचे, घाई करायची नाही, पंधरा-वीस मिनिटे तरी. मग तेल, ठेचलेला लसूण, कांदा, काळे तिखट, मीठ, चिमूटभर येसर आणि शेवटी शेंगदाण्याचे कूट. लसूण पाहून आम्ही एकमेकांकडे पाहिले. “हा कशाला, मावशी?” “चवीला,” ती म्हणाली. “मग कशाला असतोय?”

ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. भीती वाटत होती, ती लपवली नाही. पहिला घास मावशीने घेतला. आम्हाला धीर यावा म्हणून घेतला असावा. तिची सून मात्र जेवली नाही. श्रावणात तिला हे चालत नाही. वशाटाची चव असलेली वस्तू वशाटच, असे तिचे म्हणणे. सासूचे म्हणणे, जिला रगत न्हाई ती भाजी. मनुस्मृतीचा उल्लेख करण्याचा मोह आम्ही आवरला.

जेवताना बोलणे उसाकडे वळले. बीड जिल्ह्यातली कहाणी उसाकडे वळल्याशिवाय राहत नाही. मावशीने चाळीस वर्षे कोयता चालवला. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल त्या जोडीवर मिळते. दिवाळीच्या आसपास निघायचे, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. आता मुलगा-सून जातात. आम्ही सहज विचारले, तिकडे उसात नाही का निघत छत्र्या?

“निघत्यात की. पाचटाच्या ढिगावर, उकिरड्यावर. दिवाळीच्या टायमाला पाऊस झाला तर लई.”

“मग?”

“मग काय. तिकडच्या छत्रीला आपुन हात लावत न्हाई.”

“पण तुम्हाला तर कळतं...”

“आवं मॅडम, तिकडलं वारूळ वळखीचं न्हाई.”

घरी परतताना बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शाकवर्गात एक छोटीशी नोंद आहे, ती आम्ही वहीत ‘छत्राकाचे पर्याय’ म्हणून उतरवून घेतली होती. तिथे या उगवणाऱ्या वस्तूंची विभागणी पाच प्रकारांत केलेली आहे: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या. रंग नाही, आकार नाही, नाव नाही. आधार कोणता, एवढेच. आम्ही ती शब्दसूची समजून वाचली होती. गोव्याचे ‘रोयणीची अळमी’ आम्ही व्युत्पत्तीच्या रकान्यात टाकले होते, जणू तो नुसता शब्दाचा उगम आहे. तो पत्ता होता.

आणि आमच्यापैकी जिचे आजोळ भंडाऱ्याकडचे, तिला त्या रात्री एक गोष्ट अधिक लागली. मैदानात तिने जे केले ते वहीच्या भरवशावर नव्हे, आजीच्या भाजीच्या भरवशावर. तिकडची आठवण तिने इकडच्या गवतावर ठेवून पाहिली. पुढे शोधता शोधता कळले की ही चूक करणारी ती एकटी नव्हे. २०१५ साली सीरियातून जर्मनीत पोहोचलेल्या निर्वासितांपैकी अनेकांना तिथल्या जंगलातल्या छत्र्या खाऊन विषबाधा झाली. ती तीच प्राणघातक जात, अमानिटा फॅलॉइडीस, आणि ती त्यांच्या मायदेशातल्या एका खाण्याजोग्या छत्रीसारखी दिसते. हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने मग इशाऱ्याचे फलक अरबी आणि कुर्दीसह अनेक भाषांत काढले. ती माणसे अडाणी नव्हती. उलट त्यांना छत्र्या ओळखता येत होत्या; ज्याला ओळखता येत नाही तो सहसा खातच नाही. ओळख त्यांच्याबरोबर आली आणि रान मागे राहिले. दरवर्षी सहा महिने परमुलखात काढणाऱ्या मावशीला हा फरक कोणी शिकवला, हे आम्ही तिला कधी विचारू शकलो नाही. विचारले असते तर तिने तो प्रश्नही लसणाच्या प्रश्नाच्या शेजारी ठेवला असता.

निबंध पूर्ण झाला. चौथा रकाना आम्ही खोडला. चुकीची माहिती निघाली म्हणून नव्हे. तो रकाना कागदावर असणेच चूक आहे, असे वाटले म्हणून. (हा लेख वाचून कोणी रुमाल घेऊन रानात निघू नये, आम्ही दिलेल्या वर्णनावर तर मुळीच नाही.) त्याच्या जागी ‘ठिकाण’ असा रकाना घातला आणि मावशीच्या शब्दांत भरला: नाल्याच्या अंगाचे, पडकातले, लिंबाखालचे, बांधावरचे (आटले), गावदरीचे (वांझ). चर्चासत्राच्या संपादकांनी ते पान परत पाठवले. समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘प्रमाण नाव द्यावे’. शास्त्रीय शिस्तीच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते. पाच वारुळांची ती यादी धारूरच्या घाटाखालची एक वस्ती सोडली तर जगात कोणाच्याही उपयोगाची नाही. ते पान आम्ही मागे घेतले. बाकीचा निबंध छापून आला.

गेल्या श्रावणात मावशीचा गुडघा पार बसला होता. पडकातले वारूळ निघाले असेल, बघून या, असा तिचा निरोप नातवाने दिला. आम्ही दोघेच गेलो. रात्रभर झड लागली होती, वाट शेवाळली होती, आणि गेल्या दोन वर्षांत त्या बाजूला एक शेततळे झाल्यामुळे खुणाही पुष्कळ बदलल्या होत्या. वारूळ सापडले असे वाटले. त्याच्या उतरणीला दहा-बारा छत्र्या होत्या. मळकट पांढऱ्या, मधोमध बोथट टोक. बोट खाली घालून पाहिले. मुळी लागली, निदान लागल्यासारखे वाटले. तरी तोडायचा धीर होईना. शेवटी नातवाला फोन लावला, चित्रासह बोलता येते तसा, आणि मोबाइल छत्र्यांवर धरला. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मावशी पडद्याकडे बघायला तयार नव्हती. तिने फोन कानाला लावलेला दिसला, म्हणजे आम्हाला फक्त तिचा कान आणि पांढरे केस दिसले, आणि तिचा आवाज आला,

“ते ऱ्हाऊ द्या. तुमी उभं कुठं हाव, ते सांगा.”

आम्ही आजूबाजूला पाहिले आणि सांगू लागलो: डाव्या हाताला नाला, समोर वाकलेली बाभूळ, मागे शेततळ्याचा बांध...